सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, पण सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. अशा वेळी अनेक जण तडक नवी बॅटरी आणतात. त्याआधी दहा मिनिटं मल्टीमीटरला, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजणाऱ्या मीटरला द्यावीत.

गाडीच्या बॅटरीत साधारण 2.1 व्होल्टचे सहा सेल असतात. पूर्ण चार्ज असेल तर ती 12.6 व्होल्ट दाखवते. पण हा आकडा बॅटरी निवांत असतानाचा, त्यावर विसंबू नये. हॉर्नचं काम पाचेक अँपिअरवर भागतं. कारच्या सेल्फला मात्र शंभर-दीडशे अँपिअर लागतात. ओहमने 1827 साली मांडलेला नियम इथे कामी येतो: करंट गुणिले रोध (करंटच्या वाटेतला अडथळा), तेवढं व्होल्टेज वाटेत खर्ची पडतं. टर्मिनलवरच्या पांढरट-हिरव्या थराचा रोध समजा 0.02 ओहम आहे. 5 अँपिअरला तिथे 0.1 व्होल्ट जातो, हॉर्नला पत्ताही लागत नाही. 150 अँपिअरला मात्र 3 व्होल्ट! बॅटरी ठणठणीत, आणि सेल्फ उपाशी.

ही गळती थेट मोजता येते, आणि मला तरी ही सगळ्यात सुंदर चाचणी वाटते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर, दुसरं त्यावरच आवळलेल्या क्लॅम्पवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळच हवा; अर्धा व्होल्ट दिसला तर दोष तिथेच. निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनचा धातू यांच्यातही असंच मोजा, म्हणजे बॅटरीपासून इंजिनकडे जाणारी अर्थिंगची तार ठीक आहे का ते कळतं. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्येच 9.6 व्होल्टपेक्षा कमी भरले, तर मात्र बॅटरी कमजोर किंवा उतरलेली.

मीटरची लाल वायर चुकूनही 10 अँपिअरच्या भोकात नको. तिथून बॅटरीला लावली की थेट शॉर्ट.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण भाजतं. पाना किंवा अंगठी पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये सापडली, तर शेकडो अँपिअर वाहून ती क्षणात तापते. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, म्हणून निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, तेव्हा ठिणगी नकोच. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड कारमधल्या नारिंगी केबलना तर हातही लावू नये, त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

दोष टर्मिनलचा निघाला तर क्लॅम्प काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर धुवा, कोरडं करून घट्ट आवळा. मग तोच आकडा पुन्हा मोजा.