न्यूगेटमधला सुईदोरा: महिला बंद्यांमधील ख्रिस्ती सेवेची पार्श्वभूमी

महिला बंद्यांची नियमित भेट घेणे, त्यांच्या लेकरांच्या कपड्यालत्त्याची चौकशी करणे, हाताला काम आणि वाचायला पुस्तक देणे ही कामे ख्रिस्ती तुरुंगसेवेत आज गृहीत धरली जातात. त्यांची बरीचशी घडण लंडनच्या न्यूगेट तुरुंगात झाली. बंदिशाळेतल्या माणसाला भेटणे म्हणजे ख्रिस्तालाच भेटणे, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील विचार जुनाच होता आणि पाळक तुरुंगांत जातही असत. पण त्यांचे जाणे बहुधा प्रवचनापुरते किंवा फाशी जाणाऱ्याच्या अखेरच्या प्रार्थनेपुरते असे.

जन्माने फ्रेंच असलेले, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे उपदेशक स्टीफन ग्रेलेट १८१३ साली न्यूगेट पाहून आले आणि तेथील तान्ह्या मुलांच्या अंगावर धड कपडाही नाही, हे त्यांनी एलिझाबेथ फ्राय यांना सांगितले. फ्राय या नॉर्विचच्या सधन गर्नी घराण्यातल्या, लंडनच्या व्यापारी कुटुंबात दिलेल्या, लेकुरवाळ्या बाई. त्यांनी ओळखीच्या स्त्रियांकडून फ्लॅनेलचे कपडे शिवून घेतले आणि अ‍ॅना बक्स्टन यांना सोबत घेऊन त्या आत गेल्या. सुमारे तीनशे स्त्रिया आणि मुले चार खोल्यांत कोंबलेली होती. कच्च्या आणि शिक्षा झालेल्या कैदी एकत्रच, आणि स्वयंपाक, धुणे, झोपणे सारे त्याच जमिनीवर. (भारतातही सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत तुरुंगात राहू शकते, म्हणून झबल्यांचा हा तपशील आपल्याला परका वाटू नये.)

घरच्या अडचणी आणि १८१५ मध्ये झालेला एका लहान मुलीचा मृत्यू यांमुळे काम पुन्हा उभे राहायला १८१६ ची अखेर उजाडली. या वेळी फ्राय यांनी उपदेशाने सुरुवात केली नाही. मुलांसाठी शाळा काढू या का, असे त्यांनी आयांनाच विचारले. घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या एका शिकलेल्या तरुणीला कैदी स्त्रियांनीच शिक्षिका म्हणून निवडले. एप्रिल १८१७ मध्ये अकरा क्वेकर स्त्रिया आणि एका पाळकाची पत्नी यांनी मंडळ स्थापन केले. शिवणकाम व विणकाम सुरू झाले, देखरेखीला पगारी स्त्री नेमली गेली आणि शिवीगाळ, जुगार, भीक मागणे यांविरुद्धचे नियम एकेक करून वाचून दाखवून कैदी स्त्रियांकडून हात वर करून मंजूर करवून घेण्यात आले. ज्यांना एरवी कोणी काही विचारत नव्हते त्यांचे मत घेणे, ही मला या साऱ्या कामातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

कामाला मर्यादाही होत्या. खोट्या नोटा खपवल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या हॅरिएट स्केल्टन हिच्यासाठी फ्राय यांनी १८१८ मध्ये रदबदली केली, पण गृहमंत्री लॉर्ड सिडमथ बधले नाहीत आणि ती फासावर गेली. पुढे फ्राय यांचे न्यूगेटमधील बायबलवाचन ऐकायला प्रतिष्ठितांची गर्दी होऊ लागली आणि कैदी स्त्रियांकडे पाहुणे प्रेक्षक म्हणून पाहू लागले, हेही खरे. मात्र १८१८ मध्ये संसदीय समितीपुढे फ्राय यांनी साक्ष दिली आणि १८२३ च्या तुरुंग कायद्याने महिला कैद्यांवर महिलाच पहारेकरी असाव्यात असे ठरवले, यामागे याच अनुभवाचे वजन होते.

हद्दपारीच्या जहाजांवरचे काम त्याहून खोल गेले. ऑस्ट्रेलियाला धाडल्या जाणाऱ्या स्त्रियांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून, लोकांचा चिखल आणि शिव्या झेलत बंदरावर नेले जाई. फ्राय यांनी अधिकाऱ्यांना बंद घोडागाड्या वापरायला लावले आणि त्या स्वतः निरोपाला जाऊ लागल्या. प्रत्येक स्त्रीला एक पिशवी मिळे: बायबल, एप्रन, सुया, दोरा, कापडाचे तुकडे आणि गरज असेल तर चश्मा. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासात हाताला काम राहावे आणि उतरल्यावर विकायला काहीतरी असावे, असा त्यामागचा साधा हिशेब होता.

‘राजा’ नावाचे जहाज एप्रिल १८४१ मध्ये सुमारे १८० स्त्रियांना घेऊन निघाले आणि जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्ट बंदराला पोहोचले. वाटेत काहीजणींनी ते तुकडे जोडून एक मोठी गोधडी शिवली आणि मंडळाच्या स्त्रियांबद्दलची कृतज्ञता तिच्यावरच भरतकामाने लिहिली. ही गोधडी १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडली आणि आता ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. शिवणाऱ्यांपैकी एकीचेही नाव तिच्यावर नाही.