युरेथ्राच्या सोनोग्राफीला एवढी वर्षं का लागली

बायकांची लघवीची नळी म्हणजे युरेथ्रा, जेमतेम 3 ते 4 सेंमीची. लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी करून उठलं की परत थेंब थेंब गळणं, एवढं सांगितलं की बहुतेक वेळा युरिन इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स मिळतो, तो संपला की पुन्हा तेच, असं कित्येक जणींचं वर्षानुवर्षं चालतं. त्यातल्या काहींना खरं तर डायव्हर्टिक्युलम असतं, म्हणजे नळीच्या भिंतीला लागून झालेली पिशवी, तिच्यात लघवी साचून राहते, इन्फेक्शन होतं आणि मग ती गळते.

आजार नवा अजिबात नाही, इंग्लंडच्या विल्यम हे नावाच्या सर्जनने 1805 मधेच त्याबद्दल लिहून ठेवलंय. पण पुढची दीडशे वर्षं तो दुर्मिळच मानला गेला कारण पिशवी दिसायचीच नाही. 1956 मधे डेव्हिस आणि सियान यांनी दोन फुग्यांचं कॅथेटर म्हणजे बारीक लवचिक नळी वापरली, एक फुगा आत मूत्राशयाच्या तोंडाशी, दुसरा बाहेर, दोन्ही टोकं बंद करून मधे प्रेशरने डाय म्हणजे एक्सरेवर उठून दिसणारं औषध सोडायचा, तो पिशवीत शिरला की एक्सरेवर दिसणार. 1958 मधे डेव्हिस आणि टेलिंड यांनी तर 121 केसेसवर पेपर लिहिला! एवढ्या बायका काय अचानक आजारी पडल्या होत्या का, त्रास आधीपासून होताच. पण ही तपासणी दुखायची, आणि पिशवीचं तोंड बारीक असेल तर डाय आत जायचाच नाही.

त्याच 1958 मधे ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पोटाच्या अल्ट्रासाऊंडवरचा म्हणजे सोनोग्राफीवरचा गाजलेला पेपर आला. मग युरेथ्राला एवढा उशीर का? कारण पोटावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, ठेवला की युरेथ्रा प्यूबिक हाडाच्या म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या आड जाते. 1980 च्या दशकात प्रोब खाली, पेरिनियमवर म्हणजे दोन पायांच्या मधल्या भागावर बाहेरून ठेवायला लागले आणि चित्रच बदललं. गरोदरपणात वापरतात तोच प्रोब, त्यावर कव्हर आणि जेल, आत काही घालायचं नाही. स्क्रीनवर एका बाजूला हाड, त्याच्या शेजारी युरेथ्राचा काळसर पट्टा, त्यामागे योनी. पेशंटला खोकायला सांगितलं की मूत्राशयाची मान खाली सरकताना डोळ्यांसमोर दिसते, ज्यासाठी पूर्वी नळीत धातूच्या मण्यांची साखळी घालून एक्सरे काढायचे, हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पिशवी काळी दिसते, कधी नळीभोवती अर्धगोल वळलेली. आत खडा असेल तर पांढरा ठिपका आणि त्यामागे सावली. आत घट्ट गाठ दिसली आणि डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तिच्यात रक्तप्रवाह असला तर कॅन्सरची शंका घ्यावीच लागते. योनीतून घालायचा प्रोब जास्त जवळून दाखवतो पण जोरात दाबला तर पिशवी चपटी होऊन निसटू शकते.

नंतर 1996 मधे उल्मस्टेन यांचं टीव्हीटी ऑपरेशन आलं, खोकताना लघवी होते त्यासाठी नळीखाली जाळीची पट्टी बसवायची. ही पट्टी एमआरआयवर नीट कळत नाही, सोनोग्राफीत मात्र चकचकीत पांढरी दिसते, त्यामुळे ऑपरेशननंतर त्रास झाला तर पट्टी कुठे सरकलीय ते कळायला लागलं आणि पुढे थ्रीडी आल्यावर तर ती अख्खी दिसायला लागली. पिशवीच्या ऑपरेशनआधी एमआरआय आजही करतात, तो लागतोच.

पण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे युरेथ्रा बघून झाली असं समजू नका, त्या तपासणीत बहुतेक वेळा ती बघितलेलीच नसते, पेरिनियल सोनोग्राफी वेगळी सांगावी लागते.