पार्श्वभूमी : चिनी घरातलं कातरकाम

चिनी कागदी कातरकामाचे हाती लागलेले सर्वांत जुने नमुने सापडले ते एका दफनभूमीत. शिनजियांगमधल्या तुर्फानजवळ आस्ताना इथे १९५९ साली उत्खनन झालं, तेव्हा घोड्यांच्या आणि माकडांच्या जोड्या, फुलांच्या नक्ष्या असे घड्या घालून कातरलेले गोल कागद मिळाले. काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकाचा. तिथल्या थडग्यांत मृतांचे जोडेसुद्धा कचेरीतल्या रद्दी कागदाचे केलेले होते. वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे हे सगळं टिकलं. उरलेल्या चीनमध्ये पुढची कित्येक शतकं जे कातरलं गेलं त्यातलं फारच थोडं शिल्लक आहे, कारण टिकावं म्हणून ते कोणी करतच नव्हतं. सणापुरतं, लग्नापुरतं, आजारपणापुरतं कातरायचं आणि काम झालं की फाडायचं, जाळायचं नाहीतर उन्हापावसात विटू द्यायचं.

कातरण्याची रीत मात्र कागदी नमुन्यांपुरती नव्हती. त्सोंग लिन याने सहाव्या शतकात यांगत्सेच्या मधल्या खोऱ्यातल्या सणवारांची नोंद करून ठेवली आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या सातव्या दिवशी, म्हणजे 'माणसांच्या दिवशी', लोक रंगीत रेशमाच्या किंवा सोन्याच्या वर्खाच्या मनुष्याकृती कातरत, घरातल्या पडद्यांवर चिकटवत, केसांत माळत. दोनेक शतकांनी कवी दू फू बंडाळीतून बायकामुलांसह पळत असताना एका मित्राने त्याला रात्री आसरा दिला. त्या पाहुणचाराबद्दल तो कृतज्ञतेने लिहितो की, मित्राने पाय धुवायला ऊन पाणी दिलं आणि कागद कातरून माझा हरवलेला जीव परत बोलावला. भेदरलेल्या माणसाचा आत्मा वाटेत कुठेतरी राहून जातो, ही समजूत. तिच्यावरचा उपाय घरातच होता.

सोंग राजवटीच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) हांगझोऊच्या बाजारात कातरकामावर पोट भरणारे कारागीर होते. जियांगशीमधल्या जिझोऊच्या भट्ट्यांत कुंभार कातरलेला कागद भांड्यावर ठेवून झिलईत नक्षी उतरवत. त्या वाट्या आज संग्रहालयांत आहेत. कागद गेला, त्याचा ठसा राहिला.

या कलेचं खरं घर मात्र उत्तर चीनमधली खिडकी. काच खेड्यांत पोचण्याआधी लाकडी जाळीच्या खिडकीला पांढरा कागद चिकटवलेला असे. वर्षाच्या अखेरीस घर झाडूनपुसून झालं की जुना, धुरकटलेला कागद काढून नवा लावायचा आणि त्यावर लाल कागदाची 'खिडकीची फुलं' डकवायची. खोलीत उजेड यायला हवा, म्हणून ही फुलं भरीव कमी आणि पोकळ जास्त. खिडकीलगतच कांग, म्हणजे खालून तापवायचा विटांचा ओटा. हिवाळ्यात निजणं, जेवणं, शिवणटिपण सगळं त्याच्यावर. म्हणजे ही चित्रं पाहुण्यांपेक्षा घरच्यांच्याच डोळ्यांपुढे महिनोन् महिने असत. नंतर ती उन्हाने फिकी पडत आणि वर्षअखेरीला जुन्या कागदाबरोबर निघून जात.

बाकीच्या वर्षातही कात्रीला उसंत नसे. लग्नात जोड-आनंदाचं अक्षर, म्हणजे 'आनंद' हे अक्षर दोनदा शेजारी जोडलेलं, दारावर आणि रुखवताच्या वस्तूंवर. कमळाशी खेळणारा मासा म्हणजे नवरा-नवरी, आणि पुढे मुलंबाळं. सशाभोवती वेटोळं घातलेला साप आपल्याला विचित्र वाटेल, पण चिनी राशिचक्रातल्या सर्प-वर्षात आणि ससा-वर्षात जन्मलेल्यांचं जोडपं धनवान होतं अशी म्हणच आहे. पाचव्या महिन्यातल्या सणाला विंचू, साप, गोम, पाल आणि बेडूक ही 'पाच विषं' कातरून दारात लावायची, म्हणजे उन्हाळ्यात खरे प्राणी लांब राहतात. पाऊस थांबेना झाला की हातात केरसुणी घेतलेली कागदाची बाई वळचणीला टांगत. ती ढग झाडून काढी. पोर आजारी पडलं तर दोन अंबाड्यांची बाहुली. जोड्यांवरच्या आणि उशांवरच्या भरतकामाचा नमुनाही कागदाचाच, टाक्यांखाली कायमचा दडलेला. चांगला नमुना शेजारीण मागून नेई. ओला करून दुसऱ्या कागदावर चिकटवायचा आणि दिव्याच्या काजळीवर धरायचा. मूळ नमुना उचलला की खाली पांढरी आकृती उरते. नमुने पिढ्यान् पिढ्या असेच फिरले.

घरात कात्री बाईच्या हाती, बाजारात कोरणी पुरुषाच्या हाती, अशी ढोबळ वाटणी होती. हबेईमधल्या युश्यानचे कारागीर कागदांची चळत एकदम कोरून मग रंगवत. तिथल्या वांग लाओशांगची नाटकातली पात्रं प्रसिद्ध आहेत.

विसाव्या शतकात या कामाकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. यानआन या आपल्या तेव्हाच्या तळावर १९४२ नंतर कम्युनिस्ट पक्षाला लोकांना कळेल अशी कला हवी होती. कवी आय छिंग आणि चित्रकार जियांग फेंग यांनी शान्शीच्या उत्तर भागातली खिडकीची फुलं जमवली. गू युआनसारख्या चित्रकारांनी त्याच शैलीत नवे विषय कातरले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत जुने देव आणि जुन्या समजुती गुन्हा ठरल्या, तेव्हा लाल कागदावर माओ आणि सूर्यफुलं आली. कात्री चालू राहिली, विषय वरून ठरू लागले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चित्रकार जिन झिलिन यांनी यानआनजवळच्या आनसाय परिसरातल्या म्हाताऱ्या बायका शोधून त्यांचं काम बीजिंगपर्यंत नेलं. त्या दोन अंबाड्यांच्या बाहुलीचं नातं त्यांनी थेट अतिप्राचीन चिन्हांशी जोडलं. हे मला पटत नाही. मधल्या हजारो वर्षांचा पुरावा नसताना आकृती सारखी दिसते एवढ्यावर वंशावळ सिद्ध होत नाही. पण त्यांनी हा शोध घेतला नसता तर कितीतरी नमुने त्या बायकांबरोबरच गेले असते.

शान्शीतल्याच श्युनयी तालुक्यातल्या कू शुलान (१९२०–२००४) यांची गोष्ट वेगळीच. गरिबी, नवऱ्याचा मार, दगावलेली मुलं. १९८५ साली त्या घळीत पडल्या, बरेच दिवस बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितलं, मी फुलं कातरणारी देवी आहे. मग रंगीत कागदांचे तुकडे जोडत त्यांनी स्वतःच्या गुहाघराच्या भिंती या देवीने भरून टाकल्या. १९९६ साली युनेस्कोने त्यांचा गौरव केला.

२००६ मध्ये चीनच्या पहिल्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत हे कातरकाम गेलं. तोवर खिडक्यांना काचा लागल्या होत्या. आज नववर्षाला तिथे लागणारी बरीचशी लाल फुलं कारखान्यातल्या प्लास्टिकची असतात. गोंदही लागत नाही, काचेला आपोआप चिकटतात. नावाजलेल्या कारागिरांच्या हातचा कागद चौकटीत जातो, आणि तो कोणी वर्षअखेरीला काढत नाही.