लेव्हल्सचा आकडा आणि शिल्पकाराचं पेन

डिजिटल शिल्पकामासाठी, म्हणजे संगणकात मातीसारखं त्रिमितीय मॉडेल घडवण्यासाठी, टॅबलेट (पेनने रेघ ओढायची पाटी) घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘लेव्हल्स किती?’ म्हणजे पेनवरच्या दाबाच्या किती पायऱ्या तो ओळखतो. हा प्रश्न शिल्पकारांच्या कामातून निघालेला नाही. तो चित्रकारांकडून आला आणि पुढे विक्रेत्यांनी उचलून धरला.

पेनने संगणकात रेघ ओढायची सोय तशी जुनीच. १९६४ साली अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेने जी पाटी तयार केली, तिच्यात इंचाला १०० तारा होत्या. पेनच्या टोकात फक्त एक स्विच होता; टेकवलं की चालू, उचललं की बंद. दाब ओळखणारी पेनं चित्रकारांच्या हाती यायला त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ गेला. त्रिमितीय काम करणारी मंडळी तोवर माउसने एकेक बिंदू ओढत बसलेली होती.

१९९९ मध्ये झीब्रश लोकांसमोर आलं, ते मुळात चित्रकलेचं सॉफ्टवेअर म्हणून. फरक इतकाच, की त्यातला प्रत्येक ठिपका रंगासोबत स्वतःची खोलीही लक्षात ठेवायचा. या ठिपक्याला ‘पिक्सॉल’ असं नाव होतं. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून खऱ्या मॉडेलवर शिल्पकाम सुरू झालं, २००७ मध्ये ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्येही शिल्पकामाचा स्कल्प्ट मोड आला. पण ब्रश, स्ट्रोक, अल्फा (ब्रशचा ठसा ठरवणारं चित्र) ही भाषा चित्रकाराचीच राहिली आणि तिच्यासोबत चित्रकाराचा टॅबलेटही आला. त्याच काळात दुसरा एक रस्ता खुला होता. मातीचा प्रतिकार हाताला जाणवून देणारा यांत्रिक दांडा बाजारात होता, पण तो महाग पडला आणि मोजक्या उद्योगांपुरता उरला. टॅबलेटच्या सपाट प्लास्टिकवर मातीचा स्पर्श कुठून येणार? किती खोल जायचं ते सांगायला एकच साधन उरलं, पेनवरचा दाब.

म्हणून दाबाचा आकडा जाहिरातीत आला. आधी २५६ लेव्हल्स होत्या. १९९८ ला वॅकॉम या जपानी कंपनीच्या व्यावसायिक मालिकेत १०२४ झाल्या, २००९ ला २०४८, २०१६ ला ८१९२. पुढे प्रतिस्पर्ध्यांनी १६३८४ वर उडी घेतली. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या पटीत आहे, कारण मोजणाऱ्या चिपला एखाद-दोन बिट जास्त मिळाले. तुमच्या मनगटाला मात्र त्यातला एकही बिट मिळालेला नाही.

हिशेब करून बघू. माणसाचं डोकं मूळ आकारात आणि २० लाख पॉलिगॉनचं, म्हणजे तेवढ्या छोट्या चौकोनांनी बनलेलं धरलं, तर एका चौकोनाची बाजू साधारण ०.३ मिलिमीटर भरते. पूर्ण दाबाला ब्रश २ मिलिमीटर माती चढवतो असं समजा. १०२४ लेव्हल्सवर एक पायरी ०.००२ मिलिमीटरची होते, ८१९२ वर ०.०००२५ च्या जवळपास. पहिलीच पायरी दोन बिंदूंमधल्या अंतराच्या दीडशेव्या भागाएवढी आहे, मग तिचेही आठ तुकडे कुणाला दिसणार? वर ब्रशची कड स्वतःहून विरत जाते, स्ट्रोक एकावर एक चढतात आणि शेवटी सगळं गुळगुळीत करणारा स्मूद ब्रश फिरतोच.

‘प्रेशर सेन्सिटिव्हिटी’ या शब्दाने तर घोळच घातला आहे. पायऱ्या किती, हा त्याचा एक अर्थ. पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं, हा दुसरा. खोक्यावर पहिला छापतात, कामाला लागतो दुसरा. चांगल्या पेनला एक-दोन ग्रॅम पुरतात, मंद पेनला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. पापणीची कड उचलताना हे लगेच कळतं. पेन अलगद टेकवलं तर काहीच उमटत नाही, किंचित दाबलं तर एकदम ढेकूळ येतं. माझ्याकडच्या एका पेनला ८१९२ लेव्हल्स होत्या आणि त्यातल्या खालच्या चतुर्थांशाशी माझी कधी गाठच पडली नाही. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेटच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये, दाबाचा कर्व्ह (किती दाबाला किती परिणाम) बदलून थोडं सावरता येतं, पण पेनला जाणवतच नाही तो स्पर्श कर्व्ह कुठून आणणार?

बॅटरीशिवाय चालणाऱ्या पेनचं तंत्र बराच काळ याच वॅकॉमच्या पेटंटखाली होतं. बाकीच्यांची पेनं जाड, जड आणि चार्ज करायची. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात इतरांचीही बिनबॅटरी पेनं आली आणि स्वस्त टॅबलेट खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. माझ्या मते शिल्पकारांसाठी हा बदल सगळ्या लेव्हल्सपेक्षा मोठा होता, पण त्याची जाहिरात त्या मानाने कमीच झाली.

दाब संगणकापर्यंत पोचायच्या वाटेवरही भानगड आहे. विंडोजवर जुना विनटॅब आणि नवा विंडोज इंक असे दोन मार्ग आहेत. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये ते निवडावेही लागतात. चुकीचा मार्ग पडला की चांगलं पेनही माउससारखं वागतं. पेन टेकवून धरलं की गोल वर्तुळ उमटून राइट क्लिक होणं हाही तिथलाच प्रकार. नवा टॅबलेट बिघडलेला आहे असं समजून परत पाठवणारे बरेच जण खरं तर यातच अडकलेले असतात.

स्क्रीनवाला घ्यावा की बिनस्क्रीनचा, हा वाद पेन डिस्प्ले बाजारात आले तेव्हापासूनचा आहे. रेखाटनात स्क्रीनचा फायदा उघड आहे. शिल्पकामात मॉडेल सारखं फिरवायचं असतं आणि स्ट्रोक आखूड असतात, त्यामुळे मध्यम आकाराचा बिनस्क्रीनचा टॅबलेट पुरतो आणि हाताखाली मॉडेल झाकलं जात नाही. पेनचा झुकाव ओळखण्याची सोयही इथे फारशी कामाला येत नाही. पेनवर दोन बटणं मात्र हवीतच, कारण ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवायला माउसचं मधलं बटण लागतं आणि ते पेनच्याच एका बटणावर बसवावं लागतं.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि ‘टॅबलेट’ शब्दच दुभंगला. तेव्हापासून दुकानात ‘पेन टॅबलेट’ असं फोड करून मागावं लागतं. २०१५ मध्ये त्याला दाब ओळखणारं पेन मिळालं, २०२० मध्ये नोमॅड स्कल्प्ट हे शिल्पकामाचं अ‍ॅप आलं आणि २०२४ मध्ये झीब्रशही तिथे पोचलं. अडचण आली ती डाव्या हाताची. टेबलावर शिल्पकाराचा डावा हात कीबोर्डवरच असतो. झीब्रशमध्ये ऑल्टने माती उलटी कोरली जाते, शिफ्टने गुळगुळीत होते, कंट्रोलने मास्क पडतो, म्हणजे तेवढा भाग झाकून ब्रशपासून वाचवता येतो. काचेवर या कळा नाहीत, म्हणून नोमॅडने वजाबाकी, मास्क आणि स्मूदची बटणं स्क्रीनच्या डाव्या कडेला, अंगठा पोचेल अशी बसवली.