परदेशातल्या मराठी फार्मासिस्टला भारतातल्या धर्मादाय रुग्णालयात सेवा द्यायची असेल तर : पात्रता, व्हिसा, नोंदणी आणि कागदपत्रं

अर्ज लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं करा. तुम्ही रुग्णाच्या हातात औषध देणार आहात की नाही? व्हिसा कोणता, नोंदणी लागेल का, संस्थेनं पत्रात काय लिहायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं. लंडन, टोरांटो, न्यू जर्सी किंवा दुबईत फार्मसीत काम करणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींच्या मनात असतं की चार-सहा महिने गडचिरोलीत, मेळघाटात किंवा जामखेडला जाऊन काम करावं. इच्छा मनापासूनची असते. गाडी अडते ती ‘मी क्वालिफाइड फार्मासिस्ट आहे, मला काउंटरवर बसू द्या’ या वाक्यापाशी. तुमची पदवी कितीही मोठ्या विद्यापीठाची असली, तरी भारतात काउंटरवर बसण्याचा अधिकार राज्याच्या नोंदवहीतल्या नावामुळे मिळतो.

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करून किंवा मोजून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टनंच करायचं असतं. डॉक्टरनं स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देणं याला अपवाद आहे, पण तो अपवाद डॉक्टरपुरताच. काम फुकट केलं किंवा रुग्णालय धर्मादाय आहे, म्हणून नोंदणी माफ होत नाही.

पण औषध भांडारातलं काम बघा. साठ्याची मोजणी, मुदत संपत आलेल्या औषधांची छाननी, खरेदीची यादी, रुग्णालयाची औषधसूची, नर्स आणि आरोग्यसेविकांचं प्रशिक्षण, डोस मोजण्याचे सोपे तक्ते, शीतसाखळीच्या नोंदी. यांतल्या कशातही तुम्ही रुग्णाला औषध देत नाही. माझं स्पष्ट मत आहे की, परदेशातून थोड्या काळासाठी येणाऱ्या फार्मासिस्टनं हेच काम मागून घ्यावं. काउंटरवर स्थानिक भाषा येणारा माणूस तुमच्याहून चांगलं काम करतो. भांडाराकडे नीट बघायला मात्र लहान रुग्णालयात बहुतेक वेळा कुणाला सवड नसते.

तुमच्याकडे कोणता पासपोर्ट आहे?

भारतीय पासपोर्ट असेल, म्हणजे आखातात किंवा इतरत्र नोकरी करणारे अनिवासी भारतीय असाल, तर व्हिसाचा विषयच नाही. फक्त नोंदणी चालू आहे का ते बघा. राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव टिकवायला शुल्क भरावं लागतं. ते थकलं की निबंधक नाव काढू शकतात. थकबाकी भरून नाव परत लावून घेता येतं, पण त्यात वेळ जातो, शिवाय नूतनीकरणासाठी रिफ्रेशर कोर्सची प्रमाणपत्रं मागतात. नोंदणी कर्नाटकात किंवा गुजरातेत असेल आणि काम महाराष्ट्रात करायचं असेल, तर आधीच्या कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन ती इकडे वळवावी लागते. सुट्टी मंजूर करून घेण्याआधी हे काम सुरू करा.

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड. या कार्डधारकांबद्दल गैरसमज फार आहेत. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांची नावं घेऊन म्हटलं आहे की, या व्यवसायांत ओसीआय कार्डधारकांना अनिवासी भारतीयांसारखीच वागणूक मिळेल. इथपर्यंत सगळे वाचतात. पुढची अट मात्र नजरेतून सुटते : हे सारं त्या त्या व्यवसायाच्या कायद्यातल्या तरतुदींनुसार. म्हणजे ओसीआय कार्डामुळे वेगळा व्हिसा लागत नाही, कितीही दिवस राहिलात तरी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जावं लागत नाही. फार्मसी कौन्सिलची नोंदणी मात्र लागतेच. तुम्ही पुण्या-मुंबईत बी. फार्म. करून नंतर परदेशी नागरिक झाला असाल, तर जुना नोंदणी क्रमांक शोधून काढा आणि कौन्सिलला लेखी विचारा. दरम्यान नवा पासपोर्ट घेतला असेल, तर त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवला आहे का, तेही तपासा.

शिक्षणही परदेशातलंच असेल, तर रस्ता लांबचा आहे. परदेशी पदवीला मान्यता देणं हे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचं काम. भारतीय नागरिक नसलेल्यांसाठी कायद्यात परस्परतेची अटही आहे : ज्या देशाची पदवी, त्या देशात भारतीय वंशाच्या पदवीधारकाला व्यवसाय करता आला पाहिजे. काही महिन्यांच्या सेवेसाठी या वाटेला जाऊ नये, असाच माझा सल्ला. भांडाराचं काम घ्या.

फक्त परदेशी पासपोर्ट असणाऱ्यांसाठी दोन दारं आहेत. पर्यटनाच्या ई-व्हिसावर अल्पकालीन स्वयंसेवा चालते, पण जास्तीत जास्त एक महिना आणि कोणत्याही मोबदल्याशिवाय. त्याहून जास्त थांबायचं असेल, तर एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो. नाव नोकरीचं असलं, तरी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेत मानद काम करणाऱ्यांना तोच मिळतो आणि त्यावर संस्थेचं नाव व ठिकाण यांची नोंद होते. पगाराच्या किमान मर्यादेची अट अशा मानद कामाला लावत नाहीत. तो मिळतो भारतीय दूतावासाकडून, तुम्ही जिथले रहिवासी आहात तिथूनच. पर्यटक म्हणून येऊन इथे व्हिसा बदलून घेऊ, हा बेत करू नका, तसा बदल होत नाही. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते. अर्ज भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. अगदी तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

राहण्याची सोय संस्थेच्या आवारात असेल, तर परदेशी पाहुणा आल्याची माहिती संस्थेनं २४ तासांत ऑनलाइन द्यायची असते. पोलिसांच्या आणि संस्थांच्या तोंडी अजून ‘सी फॉर्म’ हेच नाव आहे. परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्यामुळे ज्या संस्थेकडे बऱ्याच दिवसांत कुणी परदेशी आलेलं नाही, तिथल्या कार्यालयाला ही आठवण तुम्हीच करून द्या.

‘थोडा डेटा गोळा करतो’ म्हणण्याआधी

फार्मासिस्टचा स्वभावच असा की, चार दिवस चिठ्ठ्या बघितल्या की अँटिबायोटिकच्या वापराचा आढावा घ्यावासा वाटतो आणि मग त्याचा शोधनिबंध व्हावासा वाटतो. रुग्णालयाच्या स्वतःच्या सुधारणेसाठी केलेला आढावा वेगळा आणि प्रकाशित करायचं संशोधन वेगळं. संशोधनासाठी ओसीआय कार्डधारकालाही विशेष परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर तर तो विषयच काढू नये. परदेशी विद्यापीठ सोबत असेल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीशिवाय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचाही प्रश्न येतो.

मिशनरी कार्यासाठीही ओसीआय कार्डधारकाला हीच विशेष परवानगी लागते. महाराष्ट्रातली काही जुनी, नावाजलेली रुग्णालयं मिशनची आहेत. मिरजेचं वॉन्लेस हे त्यांतलं एक. तिथे औषध भांडारात काम करणं म्हणजे धर्मप्रचार नव्हे, पण निमंत्रणाचं पत्र मोघम असेल, तर अधिकाऱ्याला शंका येऊ शकते. ईशान्येतल्या काही राज्यांत, अंदमानात आणि सीमाभागातल्या काही पट्ट्यांत जायला वेगळा परवाना लागतो. गडचिरोली किंवा मेळघाटासाठी तो लागत नाही.

म्हणून निमंत्रणपत्र नीट मागून घ्या. माझ्या मते अख्ख्या अर्जातला सर्वांत वजनदार कागद हाच. त्यात संस्थेचा नोंदणी क्रमांक (महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडचा), कामाचं ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, मानधन नसल्याचा उल्लेख, राहण्या-जेवणाची सोय कुणाची, आणि काम नेमकं काय, हे सगळं यावं. ‘वैद्यकीय सेवा’ असं लिहून घेऊ नका. ‘औषध भांडाराचं व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, रुग्णांना औषधवाटप नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं बरं. तुमची फार्मसी कौन्सिलची नोंदणी झालेली असेल, तर त्या क्रमांकासह औषधवाटपाचा उल्लेख करावा.

बाकीची कागदपत्रं मोजकी आहेत : पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाच्या प्रती, पदवी, सध्याच्या देशातली चालू नोंदणी, त्या देशातल्या नियामकाकडून ‘कारवाई प्रलंबित नाही’ असं पत्र, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि दोन शिफारशी. ब्रिटनमध्ये नियामकाचं पत्र जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल देते, अमेरिकेत राज्याचं फार्मसी बोर्ड. भारतातल्या फार्मसी कौन्सिलकडे द्यायच्या परदेशी कागदांवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी दाखला) करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. लसींपैकी हिपॅटायटिस बी आवर्जून. व्यावसायिक जबाबदारीचा विमा भारतातल्या कामाला लागू आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींमध्ये नसतो.

बॅगेत औषधं भरून आणू नका

हे सांगितलं की लोक दुखावतात. ‘आमच्याकडे इतकी चांगली औषधं वाया जातात’, असं म्हणतात. पण संस्थेसाठी परदेशातून आणलेली वस्तूही परदेशी देणगीच ठरू शकते आणि तिला २०१० चा परदेशी देणग्यांचा कायदा लागतो. संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी नसेल, तर तुमची एक बॅग त्यांना अडचणीत आणू शकते. औषधांच्या आयातीचे नियम त्याशिवाय आहेतच. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती औषधं आणता येतात, त्यापलीकडे नाही. देणगीच्या औषधांना पोचताना किमान वर्षभराची मुदत उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बॅगेतून येणाऱ्या औषधांची मुदत क्वचितच तेवढी असते.

पैसे द्यायचे असतील, तरी पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्टधारकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डधारकाची मात्र धरतात. तुम्ही जन्मानं, बोलीनं, मनानं कितीही इथले असलात तरी. त्यामुळे आधी संस्थेच्या हिशेबनिसाशी बोला, मग रक्कम पाठवा.

आल्यावर काय बघायला मिळेल

पात्रतेच्या रकान्यात हे कुणी लिहीत नाही, पण मी लिहीन : भारतीय औषध भांडाराची तोंडओळख असलेला माणूस हवा. तुमच्याकडे अख्खा डबा देतात, इथे गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून चार-चार गोळ्या देतात. कापणारा घाईत असला की, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेला तुकडा पहिल्या रुग्णाबरोबर निघून जातो आणि उरलेल्या सहा गोळ्यांचं काहीच सांगता येत नाही. छपाईची बाजू शेवटी कापायची, एवढी सवय लावून दिलीत, तरी भांडाराचं मोठं काम होतं. ‘शेड्यूल एच-१’ची (ठरावीक अँटिबायोटिक, क्षयरोगावरची आणि सवय लावणारी औषधं) वेगळी नोंदवही असते, ती तीन वर्षं जपावी लागते, २०१४ पासूनचा हा नियम समजून घ्या. अमेरिकेतून येणाऱ्यांनी पॅरासिटामॉल, साल्ब्युटामॉल, अ‍ॅड्रेनलिन ही इथली नावं तोंडात बसवावीत.

सर्पदंशावरचं औषध बहुतेकांनी कधी हाताळलेलं नसतं. इथली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध एकत्र असते. भुकटीच्या स्वरूपातली कुपी फ्रिजविना टिकते, द्रवरूप मात्र शीतसाखळीतच ठेवावी लागते. दोन्ही प्रकार एकाच कपाटात ठेवलेले दिसले, तर पहिल्याच दिवशी वेगळे करा.

आणि महिना बघून या. भामरागड तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. हेमलकशासारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबरचा साठा मे महिन्यातच भरून ठेवावा लागतो : मलेरियाच्या गोळ्या, सलाइन, जलसंजीवनी, सर्पदंशाची लस. फार्मासिस्टच्या दोन हातांची खरी गरज मार्च ते मे या काळात असते. नाताळच्या सुट्टीत येणं तुमच्या सोयीचं असतं. संस्थेला तारखा कळवताना ‘तुम्हाला कधी हवं’ हे आधी विचारा.

उन्हाळ्यात यायचं असेल, तर आदल्या दिवाळीआधी संस्थेला पहिलं पत्र जायला हवं, कारण नोंदणीचे आणि व्हिसाचे कागद संस्थेचं निमंत्रण हातात आल्यावरच हलतात. निघायच्या आदल्या आठवड्यात भांडाराच्या नोंदी मराठीत लिहून पुढच्या माणसाकडे सोपवा. कामाचे तास आणि स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र तेव्हाच सहीशिक्क्यानिशी घ्या. तिकडच्या नोंदणीच्या फेरतपासणीत ते उपयोगी पडतं आणि नंतर मागवायचं म्हटलं तर महिनोन्‌महिने जातात.