पावणेदोन टनांची वेगवान गाडी : वजन नेमकं आडवं कुठे येतं?

एप्रिल 2008 मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर तोशिओ सुझुकी यांनी निस्सान जीटी-आर 7 मिनिटं 29 सेकंदांत फिरवली. आयफेलच्या डोंगरांतून चढ-उतार आणि वळणं घेत जाणारा हा रस्ता सुमारे 21 किलोमीटरचा आहे, म्हणजे सरासरी वेग पडला तासाला 165 किलोमीटर. तोही नंबरप्लेट लावून रोज वापरता येईल अशा दोन दरवाज्यांच्या कूपेचा. प्रतिस्पर्धी जर्मन कंपनी पोर्शच्या लोकांना हे काही पचेना. त्यांनी अमेरिकेतून एक जीटी-आर विकत घेतली, त्याच ट्रॅकवर आपल्या चालकाला पळवायला लावली आणि आमची वेळ 7 मिनिटं 54 सेकंद आली, असं जाहीर केलं. निस्सानच्या उत्तराचा मथितार्थ एवढाच होता की दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा आहे.

टायर कोणते होते, गाडी खरंच शोरूममधली होती का, यावर तेव्हा पुष्कळ धुरळा उडाला. पण खरी खटकणारी गोष्ट वजनाची होती. त्या वेळच्या पोर्श 911 टर्बोची ताकद होती 480 पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), जीटी-आरचीही 480. दोन्हींना इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन-दोन टर्बो, दोन्हींची चारही चाकं ओढणारी. फरक वजनात. पोर्शच्या कागदावर 1585 किलो, निस्सानच्या कागदावर 1740. दीडशे किलो जास्त अंगावर घेऊन ही गाडी पुढे कशी राहते?

त्यातही गंमत अशी की जीटी-आरचे मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो या वजनाबद्दल माफी मागत नव्हते. वजन आम्ही मुद्दाम ठेवलं आहे, टायर रस्त्यावर दाबून धरायला ते लागतंच, असं ते उघडपणे सांगत. हे म्हणजे क्रीडा-गाड्यांच्या जगात थेट पाखंड. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्यापासून या जगाची शिकवण उलटी आहे : ताकद वाढवली तर गाडी फक्त सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन कमी केलं तर सगळीकडे.

‘सगळीकडे’ हा दावा मोठा आहे, आणि तो तसाच्या तसा खरा नाही.

शाळेतलं भौतिकशास्त्र तर मिझुनोंच्या बाजूनेच बोलतं. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून टायरला आतल्या दिशेने बल द्यावं लागतं. हे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं. पण टायर आणि रस्ता यांमधलं घर्षणही वजनाच्याच प्रमाणात वाढतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान येतं आणि कटून जातं. उरतो घर्षणांक, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या. या हिशोबाने 800 किलोची आणि 1800 किलोची गाडी एकाच वळणावर एकाच वेगाने निसटायला हवी. ब्रेकचंही तेच. थांबायला लागणाऱ्या अंतराच्या सूत्रात वस्तुमान कुठेच नसतं.

सरळ रस्त्यावरची गोष्ट जरा जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे तीन वेगवेगळे अंमल चालतात. जागेवरून सुटताना एवढ्या ताकदीच्या गाडीला इंजिन अपुरं पडत नाही, टायर अपुरे पडतात. चाकं घसरण्याच्या काठावर असतात, आणि तिथे वर सांगितल्याप्रमाणे वस्तुमान कटतं. म्हणूनच जड गाड्याही शून्य ते शंभरच्या आकड्यात चमकतात. जाहिरातीत हा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो, आणि वजनाबद्दल सर्वांत कमी तोच सांगतो, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. पुढे 80-100 च्या वर गेल्यावर टायरला हवं तेवढं बल द्यायला इंजिन कमी पडू लागतं. इथे मात्र चॅपमनचं राज्य सुरू होतं : ताकद तीच, तर 1740 किलोची गाडी 1585 किलोच्या गाडीपेक्षा जवळजवळ दहा टक्के सुस्त. आणि त्याहीपुढे, 250 ओलांडल्यावर, सगळी झुंज हवेशी. जीटी-आरचा हवेचा रोधांक, म्हणजे तिचा आकार हवेला किती अडतो याचं माप, 0.27 आहे. तो धरून ढोबळ हिशोब केला तर 300 च्या वेगाला फक्त हवा कापायला 200 किलोवॉटच्या आसपास ताकद जाते, आणि चाकं लोळवायला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. गाडीत आणखी 100 किलो टाकले तर या वेगाला जेमतेम सव्वा किलोवॉट जास्त लागेल. कमाल वेगाच्या फुशारकीत वजनाला जवळपास स्थान नाही.

मग हलक्या गाडीचा एवढा डंका का? कारण रबर शाळेतलं भौतिकशास्त्र पाळत नाही.

घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, हा नियम फ्रान्सच्या गियोम आमाँताँ यांनी 1699 मध्ये मांडला. लाकूड, दगड, धातू अशा कठीण पदार्थांना तो बराच लागू पडतो, कारण ते एकमेकांना अगदी थोड्या उंचवट्यांवरच टेकतात आणि दाब वाढला की टेकलेली जागा त्याच मापाने वाढते. मऊ रबर मात्र डांबराच्या खाचाखोचांत आधीच शिरून बसलेलं असतं. आणखी दाबलं तर ते आणखी शिरतं, पण तेवढ्या मापाने नाही. त्यामुळे टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच मिळते. टायरचा घर्षणांक भाराबरोबर हळूहळू घसरत जातो. शर्यतीचं सगळं अभियांत्रिकीशास्त्र या एका घसरणीभोवती फिरतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता याला वळणावरच्या भाराच्या सरकण्याची जोड द्या. 1500 किलोची गाडी घ्या, गुरुत्वमध्य जमिनीपासून 48 सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर 1.6 मीटर. सरळ जाताना दोन्ही बाजूंवर 750-750 किलो. गुरुत्वाकर्षणाएवढ्याच त्वरणाने वळण घेतलं की 450 किलो आतून बाहेर सरकतात : आतल्या चाकांवर उरतात 300, बाहेरच्यांवर चढतात 1200. आतल्या हलक्या टायरचा घर्षणांक समजा 1.2 आहे आणि बाहेरच्या दबलेल्या टायरचा 0.95. हे आकडे समजण्यापुरतेच गृहीत धरलेले. तर एकूण पकड 1500 किलोएवढी भरते. भार सरकलाच नसता तर ती सुमारे 1610 असती. बाहेरच्या टायरने जेवढं कमावलं त्यापेक्षा आतल्याने जास्त गमावलं. गाडी जड झाली की मुळातला भार वाढतो, सरकणारा भारही वाढतो, आणि टायर घसरणीच्या आणखी खालच्या टप्प्यावर जाऊन काम करतो.

यावर उपाय आहे, रुंद टायर. जीटी-आरला मागे 285 मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत, 20 इंची रिमवर. पण रुंद टायर जड असतात, त्यांना जड रिम लागते, त्या चाकाला थांबवायला मोठी डिस्क, तिला पेलायला जाड सस्पेन्शन. वजन वजनाला बोलावतं. अभियंते या साखळीला सर्वांत जास्त घाबरतात.

मिझुनोंची बाजू मग अगदीच फोल म्हणायची का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या म्हणण्यात एक पक्कं भौतिकशास्त्र आहे, फक्त ते पकडीच्या सूत्रात नसून खडबडीत रस्त्यात आहे. न्युर्बुर्गरिंगचा रस्ता बिलियर्डच्या टेबलासारखा नाही. तिथे उंचवटे आहेत, गाडी काही ठिकाणी हवेत उचलली जाते. खड्ड्यावरून जाताना चाक वर उडालं तर ते पुन्हा खाली दाबणारी स्प्रिंग कशाला टेकून दाबणार? गाडीच्या अंगाला. स्प्रिंगच्या वरचं अंग चाकांच्या तुलनेत जितकं जड, तितकं ते जागचं हलत नाही आणि चाक रस्त्याला चिकटून राहतं. अतिहलक्या गाडीत चाकाने उडी मारली की अख्खी गाडी थरारते. शिवाय टायर गरम झाल्याशिवाय पूर्ण पकड देत नाही, आणि भार असला की तो लवकर तापतो. त्यावर मिझुनोंनी गिअरबॉक्स इंजिनपासून तोडून मागच्या चाकांच्या आसाशी नेला, तिथून दुसरा दांडा परत पुढे आणून पुढची चाकं जोडली. हा द्राविडी प्राणायाम जड आहे, पण त्याने भाराची वाटणी हवी तशी झाली : उभ्या गाडीत पुढे थोडा जास्त, वळणातून बाहेर पडताना वेग देताच चारही टायरवर जवळपास सारखा. वळणाच्या बाहेर पडणारी जीटी-आर ज्यांनी पोर्शच्या बरोबरीने पाहिली, त्यांना हे वजन कुठे खर्ची पडलं ते कळलं असेल.

एका गोष्टीवर मात्र मिझुनोंकडेही उपाय नव्हता, ती म्हणजे उष्णता. 250 वरून 100 च्या वेगावर येताना 1740 किलोची गाडी सुमारे 35 लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये ओतते. दहा लिटर थंड पाणी उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते, आणि इथे ती चार डिस्कमध्ये काही सेकंदांत शिरते. 1100 किलोच्या गाडीला त्याच वेगांत 22 लाखांवर भागतं. पहिल्या फेरीत फरक दिसत नाही. पाचव्या फेरीत डिस्क लालभडक, पॅड झिजलेले, ब्रेकचं तेल उकळायच्या बेतात आणि टायरचं रबर मऊ पडून निसटू लागलेलं. विक्रमी वेळ एका फेरीची असते. ट्रॅकवर गाडी घेऊन जाणाऱ्या हौशी माणसाला दिवसभर फिरायचं असतं आणि संध्याकाळी टायरचं बिल भरायचं असतं.

एकूण वजनाइतकंच, कधीकधी जास्तच, महत्त्व ते कुठे ठेवलंय याला असतं. वळताना गाडी स्वतःभोवती फिरते, आणि फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. 20 किलोची बॅटरी मध्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवली तर जेवढा अडथळा करते, त्याच्या सोळापट दोन मीटरवर टांगल्यावर करते. उंचीचंही तसंच : छपरावरचा एक किलो तळातल्या एका किलोपेक्षा कितीतरी महाग, कारण तो गुरुत्वमध्य वर ओढतो आणि सरकणारा भार वाढवतो. चाकाच्या कडेचा किलो तर दुहेरी मोजावा लागतो, कारण त्याला पुढेही ढकलायचं असतं आणि फिरवायचंही.

बीएमडब्ल्यूने 2003 च्या एम3 सीएसएलमध्ये, म्हणजे आपल्या एम3 कूपेच्या हलक्या आवृत्तीत, नेमका हाच विचार केला. नेहमीच्या एम3 पेक्षा 110 किलो कमी, एकूण 1385. छप्पर कार्बन फायबरचं. त्याने जेमतेम सहा-सात किलो वाचले, पण सर्वांत वरचे. मागची काच पातळ, एसी आणि रेडिओ मागितले तरच, आणि डिकीचा तळ चक्क मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या पुठ्ठ्याचा. तेव्हा लोक हसले होते. आज तीच गाडी संग्राहक शोधत फिरतात. खुद्द जीटी-आरच्या 2020 च्या निस्मो (निस्सानच्या शर्यत-विभागाच्या) आवृत्तीतही छप्पर, बॉनेट आणि पुढचे फेंडर कार्बन फायबरचे झाले आणि लोखंडी डिस्क जाऊन सिरॅमिक आल्या. एकूण बचत वीसेक किलोंची, पण सगळी टोकांवरची आणि चाकांतली.

वजन न वाढवता टायर दाबायचा एक मार्ग आहे, हवा. पोर्शच्या 2022 च्या 911 जीटी3 आरएसचं वजन 1450 किलो, आणि 285 च्या वेगाला पंख वगैरे मिळून हवा तिला आणखी 860 किलोने खाली दाबते. टायरला वाटतं गाडी सव्वादोन टनांच्या वर आहे. वळणावर खेचून धरायचं वस्तुमान मात्र 1450 चंच. मिझुनोंना वजनाकडून जे हवं होतं ते इथे जवळजवळ फुकट मिळतं. 525 पीएसच्या या गाडीने त्याच वर्षी न्युर्बुर्गरिंगची फेरी 6 मिनिटं 49 सेकंदांत पुरी केली.

तिच्याशेजारी त्याच कंपनीची विजेवरची टायकॅन टर्बो जीटी ठेवून पाहा. कूपे नाही, चार दरवाज्यांची आहे, पण तुलना बोलकी आहे. गरजेच्या क्षणी 1000 पीएसच्या वर ताकद, चारही चाकांना ओढ, वजन 2200 किलोंच्या पुढे. 2023 च्या ऑक्टोबरात तिला त्याच ट्रॅकवर 7 मिनिटं 7 सेकंद लागले. दुप्पट ताकदही 18 सेकंद भरून काढू शकली नाही. तरी सव्वादोन टनांच्या गाडीने एवढं करावं हेही कौतुकाचंच. जड बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, आणि वेग कमी करताना मोटरच जनित्र बनून बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत ढकलते, त्यामुळे ब्रेक वाचतात. टायर वाचत नाहीत. म्हणून या गाडीच्या ट्रॅकसाठीच्या आवृत्तीत पोर्शने मागची आसनं काढली, आवाज अडवणारे थर कमी केले आणि चार्जिंगच्या दोन तोंडांपैकी एक चालकाच्या बाजूचं काढून टाकलं. सगळं मिळून सत्तरेक किलो.