मार्गश्रेणी, ग्रामीण वस्तीतील

रस्त्यांची त्यांच्या कामानुसार लावलेली उतरंड. लांब पल्ल्याची वाहतूक वाहणारा मुख्य मार्ग, वस्तीतली वाहने गोळा करून त्याच्यापर्यंत नेणारा जोडरस्ता आणि दारापर्यंत जाणारा प्रवेशरस्ता असे तीन स्तर बहुधा मानतात. रस्ता जितका वरच्या श्रेणीचा, तितकी त्यावर थेट उघडणारी फाटके कमी असावीत, हे त्यामागचे तत्त्व. शहरालगतच्या खेड्यात शेतांचे प्लॉट पडून रोज कामावर जाणाऱ्यांची वस्ती वाढली, की मधल्या स्तराची उणीव भासू लागते.

या कल्पनेचे श्रेय पुष्कळदा कॉलिन ब्यूकॅनन यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश कार्यगटाच्या अहवालाला (१९६३) दिले जाते. वितरक रस्ते आणि प्रवेशरस्ते ही विभागणी त्याने रूढ केली, हे खरे. तथापि लंडनचे पोलीस अधिकारी अल्कर ट्रिप यांनी १९४२ मध्येच प्रमुख, उपप्रमुख व स्थानिक रस्ते वेगळे काढून स्थानिक रस्ते प्रमुख मार्गाला थेट जोडू नयेत असे मांडले होते. मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेतील न्यू जर्सीमधील रॅडबर्न ही वसाहत (सु. १९२९) हे त्याआधीचे प्रत्यक्ष उदाहरण म्हणून सांगतात, पण तेथील मुख्य हेतू पादचारी व मोटारी वेगळ्या करण्याचा होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्यापर्यंत (१८५८) मागे जाणे मात्र ताणलेले दिसते : तेथे वाटा वापरानुसार वेगळ्या केल्या आहेत, त्यांची उतरंड नाही.

कोंडीचे कारण सहसा रस्त्याची रुंदी नसते, तिठा असतो. दिवसाला ८,००० वाहनांच्या दुपदरी मार्गावर गर्दीच्या तासात साधारण दशांश, म्हणजे ८०० वाहने येतात. त्यांतील ६५ टक्के शहराच्या दिशेने धरली, तरी एका बाजूला ५२० होतात. अशा मार्गाची एका दिशेची क्षमता आदर्श स्थितीत ताशी सुमारे १,७०० मोटारी असते. म्हणजे मार्ग निम्माही भरलेला नाही. पण दोन्ही दिशा मिळून दोन वाहनांत सरासरी ४.५ सेकंदांचेच अंतर उरते, आणि आडव्या रस्त्यावरून प्रवाह ओलांडून वळणाऱ्याला सुमारे ७ सेकंद लागतात. वाहने विस्कळीत येत असल्यास पाचांपैकी एखादीच फट पुरेशी ठरते. तासाला जेमतेम ३०० वाहने बाहेर पडू शकतात. मोटारींवर अवलंबून असलेल्या वस्तीत घरटी गर्दीच्या तासाला एक फेरी धरतात, त्यातील काही परतणाऱ्या. त्या हिशेबाने काहीशे घरांत तिठा तुंबतो. येथे मुख्य मार्ग चौपदरी केल्यास ओलांडण्याचे अंतर वाढून रांग उलट लांबते, तरी मागणी बहुधा त्याचीच होते.

उपाय म्हणजे प्लॉट विकले जाण्यापूर्वी जोडरस्त्याची पट्टी राखून ठेवणे व शेजारच्या अभिन्यासांचे (प्लॉटच्या आखण्यांचे) रस्ते एकमेकांत मिळवणे. प्रत्येक विकासकाने आपले तोंड स्वतंत्रपणे मुख्य मार्गावर काढले, की नंतर ती पट्टी मिळत नाही. कुंपणे आणि विहिरी आड येतात. जोडरस्ता मुख्य मार्गाला मिळतो तेथे चौकापेक्षा तिठा बरा : साध्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात, तिठ्यात ९ ठिकाणी, एकपदरी वर्तुळाकार चौकात ८. थांबण्यास ताशी ५० किमी. वेगाला सु. ६५ मी. आणि ८० किमी.ला सु. १३० मी. अंतर लागते, निदान तेवढ्या लांबीत कोपऱ्यावर झाडी किंवा फलक नसावा.

फरसबंदी बिघडते ती रहिवाशांच्या मोटारींनी नव्हे, बांधकामाच्या ट्रकांनी. इलिनॉयमधील चाचण्यांवरून (१९५८–६०) नुकसान आसभाराच्या (चाकांच्या एका आसावर येणाऱ्या वजनाच्या) साधारण चौथ्या घाताने वाढते असे मानतात. १० टनांचा एक आस १ टनाच्या दहा हजार आसांइतका. म्हणून अंतिम थर घरे उठल्यावर घालतात. पाण्याच्या निचऱ्यासाठी डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे २ ते २.५ टक्के उतार देतात, मुरमाच्या रस्त्याला ४ टक्क्यांच्या आसपास.

बंद गल्ल्यांच्या वसाहतीत बस आत शिरत नाही. थांबा मुख्य मार्गावरच ठेवावा लागतो, आणि तो तिठा ओलांडल्यानंतर, म्हणजे उभ्या बसमुळे बाहेर पडणाऱ्याची नजर अडत नाही.